जुन्या वळणाची व्हेल: आधी केस, मग लांबी, मग कापड

नाताळ आटोपला की जानेवारीत आणि ईस्टर झाला की एप्रिल-मेमध्ये, असे आपल्या बेळगाव-खानापूर भागातल्या चर्चच्या लग्नांचे दोन मोठे हंगाम. मधल्या उपवासाच्या चाळीस दिवसांत बहुतेक घरं लग्न धरत नाहीत. त्यामुळे नवरीची तयारी करून देणाऱ्या आम्हा बायकांकडे वर्षातून दोनदा झुंबड उडते, आणि हल्ली मागणी ठरलेली असते: "ताई, आज्जीच्या फोटोत हाय तशी व्हेल पाहिजे." व्हेल म्हणजे नवरी डोक्यावरून घेते ती पातळ जाळी. सोबत मोबाइलवर फोटोंचा ढीग. एकीत डोक्याला घट्ट बसलेली टोपी, दुसरीत मागे लांबच लांब लोळणारी जाळी, तिसरीत नुसती डोळ्यांवर आलेली मोठ्या घरांची जाळी. सगळ्यांना नाव एकच, 'व्हिंटेज'.

पहिल्यांदाच व्हेल घ्यायला निघालेल्या नवरीसाठी, तिच्या आईसाठी आणि त्याहून जास्त तिच्यासोबत बाजारात फिरणाऱ्या बहिणीसाठी हे लिहितेय. माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते. व्हेल कुठल्या काळातली वाटते हे लेसवरून किंवा लांबीवरून ठरत नाही, ती डोक्यावर नेमकी कुठे टेकते यावरून ठरतं. तीच जाळी भुवयांच्या वर दोन बोटं बांधली तर १९२५ सालची दिसते आणि फुगवलेल्या केसांच्या मागे खोचली तर १९६५ ची. म्हणून आधी केस आणि जागा, मग लांबी, आणि कापड सगळ्यात शेवटी. बाजारात गेल्यावर मात्र बहुतेकजणी आधी लेस पसंत करतात आणि मग ती डोक्यावर कुठे लावायची याचा शोध सुरू होतो.

घरातली ट्रंक उघडा

इंटरनेटआधी घरातला अल्बम बघा. आज्जी, पणजी, आज्जीच्या जावा, जे फोटो मिळतील ते. मोबाइलवर फोटो काढून मोठे करा आणि तीनच गोष्टी पाहा: जाळीची पुढची कड कपाळावर कुठे आहे, जाळी कशाने अडकवली आहे, आणि खाली कुठे संपते. रंगाचा विचार नंतर. काळ्या-पांढऱ्या फोटोत मोतिया आणि शुभ्र सारखेच दिसतात, त्यामुळे "आज्जीची पांढरीशुभ्र होती" हे फोटोवरून छातीठोकपणे सांगता येत नाही.

ट्रंकेत व्हेलच सापडली तर उत्तम, पण ती लग्नातलीच असेल असं धरून चालू नका. कॅथलिक घरांत जुन्या बायका मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाताना डोक्यावर लेस घेत. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियमच होता, १९८३ च्या नव्या संहितेत तो राहिला नाही. त्या मिस्साच्या लेसा पेटीत तशाच पडून असतात. आकाराने लहान, बऱ्याचदा त्रिकोणी किंवा अर्धगोल, आणि जरूर नाही की पांढऱ्याच. नवरीची व्हेल म्हणून त्या अपुऱ्या पडतात, पण साध्या जाळीच्या डोक्याच्या भागावर बसवल्या तर फार सुंदर दिसतात.

कुठलं दशक हवं ते ठरवा

पांढऱ्या लग्नाची लाट राणी व्हिक्टोरियाच्या १८४० च्या लग्नानंतर पसरली. तिने पांढरं साटन आणि इंग्लंडातल्या हॉनिटन गावची हातविणीची लेस वापरली, आणि मुकुट न घालता संत्र्याच्या मोहोराचं कडं डोक्यावर घेतलं. तोवर यंत्रावर विणलेली जाळीही निघू लागली होती. जॉन हीथकोटने त्या यंत्राचं पेटंट १८०८-०९ च्या सुमारास घेतलं होतं. हाताने विणलेली लेस श्रीमंतांपुरती होती, यंत्राच्या जाळीमुळे व्हेल हळूहळू साध्या घरांतही आली. तुम्हाला व्हिक्टोरियन वळण हवं असेल तर फुलांचं कडं डोक्यावर सरळ, जाळी मागे सोडलेली, चेहरा उघडा.

१९२० चं दशक ओळखायला सगळ्यात सोपं. सगळं कपाळावर उतरलेलं. १९२३ च्या एप्रिलमध्ये एलिझाबेथ बोव्ज-लायनचं, म्हणजे पुढे राणी झालेल्या दुसऱ्या एलिझाबेथच्या आईचं लग्न झालं, तेव्हा तिने सासूबाई राणी मेरीने दिलेली लेसची व्हेल कपाळावर अशीच खाली घेतली होती. कानांच्या वर दोन्ही बाजूंना जाळी चुणून तिथे मेणाच्या कळ्यांचे झुबके लावायचे, ही त्या काळची खूण. डोक्याला घट्ट बसणारी टोपीही तेव्हाचीच. चुण्या कमी, जाळी मऊ, लांबी भरपूर.

१९३० च्या दशकात पट्टी कपाळावरून मागे सरकली, चेहऱ्याभोवती प्रभावळीसारखं उभं कडं आलं, जाळी लांबच राहिली. १९४० मध्ये युद्ध. इंग्लंडात १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांचं रेशनिंग होतं, पॅराशूटच्या रेशमाचे लग्नाचे झगे शिवले गेले ते याच काळात. व्हेल आखूड झाली आणि बऱ्याच जणींनी उसनी घेतली. १९५० नंतर नायलॉनची जाळी स्वस्त झाली आणि कोपरापर्यंतची, भरपूर चुण्यांची, फुगलेली व्हेल आली, वर छोटी टोपी किंवा मोत्यांची पट्टी. १९५६ मध्ये हॉलिवूडची नटी ग्रेस केलीने आपल्या लग्नात मोती लावलेली टोपी घातली आणि जाळी मागे सोडून चेहरा मोकळा ठेवला. आजही 'ज्युलिएट कॅप' मागणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे तेच चित्र असतं. १९६० मध्ये केस वर गेले आणि व्हेलही त्यांच्यासोबत वर गेली: टाळूच्या मागे, एका बो किंवा फुलाखाली, आखूड आणि भरगच्च.

नुसती डोळ्यांपर्यंतची मोठ्या घरांची जाळी १९३० ते ५० च्या टोप्यांवरची. ती कोर्ट मॅरेजला किंवा रिसेप्शनला खुलते. चर्चमध्ये घालायची असेल तर आधी फादरांना किंवा पाळकसाहेबांना विचारून घ्या. चष्मा असेल तर तिच्या वाटेला जाऊच नका, जाळी काचेवर टेकते आणि पापण्या अडकतात.

आता आरशासमोर बसा

दशक आवडलं म्हणजे ते आपल्या डोक्यावर बसेल असं नाही. कपाळ लहान असेल तर १९२० ची पट्टी चेहरा खाऊन टाकते. अशा वेळी १९३० ची मागे सरकलेली पट्टी घ्या, वळण जवळपास तेच राहतं. चष्म्याच्या काड्या आणि कानावरचे झुबके यांचं पटत नाही. केस विरळ असतील तर १९५० ची टोपी सर्वांत सोयीची, कारण ती चारी बाजूंनी पिनांनी धरता येते आणि सगळा भार एका कंगव्यावर येत नाही.

केसांबद्दल एक गोष्ट बाहेरून येणाऱ्या मेकअपवाल्यांना ठाऊक नसते. आपल्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो, नारळाचं दूध आणि तेल डोक्यावर ओतायला कुणी काकू-मावशी हात आखडता घेत नाहीत. मराठी प्रोटेस्टंट घरांत हळद असते, तिथेही तेल आहेच. रात्री उशिरा घाईत धुतलेल्या केसांत तेलाचा अंश राहतो आणि सकाळी कंगवा घसरत राहतो. रोसाच्या दिवशी संध्याकाळी दोनदा शाम्पू करा, कंडिशनर लावू नका. सकाळी पुन्हा धुवू नका, ताजे धुतलेले केसही निसटतात. जिथे कंगवा बसणार तिथले केस मुळाशी उलटे विंचरून थोडा स्प्रे मारा, मग कंगवा खोचा. कंगव्याच्या दोन्ही टोकांना दोऱ्याचा बारीक फास शिवून ठेवला आणि त्यातून पिन आडवी-तिडवी घातली की व्हेल हलत नाही. कंगवा धातूच्या तारेचा घ्या, प्लॅस्टिकचे दात जाड असतात आणि केसांत उतरत नाहीत.

आता झगा की साडी. आपल्याकडच्या कितीतरी नवऱ्या पांढऱ्या साडीवर व्हेल घेतात आणि मला ते झग्यापेक्षा जास्त आवडतं. पण साडीवर एक अडचण आहे. डाव्या खांद्यावर पदराच्या निऱ्या, त्यावर पिन, त्यावर जरीचा काठ. जाळी त्या काठाला हमखास अडकते. म्हणून साडीवर चुण्या कमी असलेली आणि कोपर किंवा फार तर बोटांपर्यंत येणारी व्हेल घ्या, आणि पदराची पिन आतून लावा. चॅपल लांबीची, म्हणजे मागे जमिनीवर लोळणारी व्हेल आणि लांब पदर एकत्र आले की मागे नेमकं काय लोळतंय हे कळेनासं होतं. कानात झुमके असतील तर त्यांची कडी जाळीच्या भोकात जाते, त्यामुळे टॉप्स बरे.

मंगळसूत्र घालायची पद्धत असलेल्या घरात आणखी एक पाहायचं. नवरा मागून गाठ बांधतो किंवा फासा अडकवतो तेव्हा जाळी मध्ये येते. करवलीने दोन्ही हातांनी व्हेल खालून वर उचलून धरायची, बाजूला ओढायची नाही. हे आदल्या दिवशी एकदा करून बघा. सगळ्या चर्चसमोर, कॅमेऱ्यासमोर मागे चाललेली झटापट कुणालाच नको असते.

जाता जाता, हिंदू लग्नांतल्या मैत्रिणीही हल्ली विचारतात. रिसेप्शनच्या गाऊनवर व्हेल घ्या, खुशाल. मुंडावळ्यांवर मात्र नको. कपाळावर दोन-दोन गोष्टी भांडतात, आणि नऊवारीला शेला असताना जाळीची गरजच काय?

लांबी मोजा, अंदाजाने सांगू नका

लांबी कंगव्यापासून खालच्या टोकापर्यंत मोजतात. साधारण हिशेब असा: खांद्यापर्यंत २० ते २२ इंच, कोपरापर्यंत २५ ते ३०, बोटांच्या टोकांपर्यंत ३६ ते ४०, पोटरीपर्यंत ५५ ते ६०, चॅपल ९० च्या आसपास, कॅथेड्रल १०८ ते १२० इंच. हे आकडे दुकानाचे. तुमची उंची, तुमचा अंबाडा आणि तुमच्या चपलेची टाच त्यात धरलेली नाही. केस बांधून, लग्नातल्या चपला घालून, कंगवा जिथे येणार तिथे एक रिबन पिनेने लावा आणि बहिणीला हव्या त्या जागी कापायला सांगा. तीच रिबन दुकानात न्यायची. टेप विसरलात तरी रिबन चुकत नाही.

लांब व्हेल घेण्याआधी चर्चची जमीन डोळ्यांपुढे आणा. मधल्या वाटेवर काथ्याचं जाजम असेल तर जाळीला फासे पडतात. खानापूर-जांबोटीकडची लाल माती पांढऱ्या जाळीवरून सहज जात नाही, आणि चर्चबाहेरचे फोटो मातीतच होतात. एप्रिल-मेमध्ये वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही, वारा तर त्याच्या आधीच येतो. जूननंतरच्या लग्नाला कोपरापर्यंतची घ्या. हॉलमधल्या पेडेस्टल फॅनसमोर आखूड व्हेलसुद्धा तोंडावर उडते, म्हणून खालच्या कोपऱ्यांत आतून दोन-तीन चपटे मणी शिवून ठेवतात, वजन पुरतं आणि दिसत नाही.

गुडघे टेकायचे असतील तर मागची जाळी नवऱ्याच्या बुटाखाली किंवा खुर्चीच्या पायाखाली सापडते. ते काम करवलीचं: नवरी टेकली की जाळी बाजूला, उठायच्या आधी पुन्हा मागे.

कापड

दुकानात 'नेट' म्हटलं की पुष्कळदा कॅनकॅन पुढे येतं. "अक्का, हे बघा, मस्त फुगतंय." ते परकराच्या आत घालायचं असतं. मच्छरदाणीसारखं ताठ, डोक्यावर तंबू उभा राहतो. त्यांना 'सॉफ्ट नेट' म्हणून सांगा, आणि नाव काहीही असलं तरी हाताने परीक्षा करा: एक वारभर जाळी मुठीत धरून वरून सोडा. खाली पडताना ती मिटत गेली तर १९२०-३० साठी योग्य. बाजूला पसरत, फुगत राहिली तर १९५०-६० साठी. चमक असलेली, ग्लिटर लावलेली, टिकल्यांची जाळी कुठल्याच जुन्या काळात बसत नाही, दुकानदार काहीही म्हणो.

पन्हा विचारा. साधारण ५४ ते ६० इंच पन्ह्याची जाळी कोपर आणि बोटांच्या लांबीला पुरते. डोक्यावर सपाट बसणाऱ्या, चारी बाजूंनी लेस लावलेल्या स्पॅनिश पद्धतीच्या मँटिलाला किंवा खूप लांब व्हेलला मोठा पन्हा लागतो. मध्ये जोड देऊ नका, जाळीत शिवण लांबूनही दिसते.

रेशमी जाळीचा पोत कशालाच येत नाही, पण ती महाग, नाजूक, आणि दमट हवेत मरगळते. बहुतेकींना नायलॉनच पुरे. पॉलिएस्टर आणि नायलॉन दिसायला सारखे, पण फरक रंगात कळतो.

आजची शुभ्र जाळी जुनी का वाटत नाही, याचं कारण या रंगातच आहे. त्यात पांढरेपणा वाढवणारं रसायन असतं, त्यामुळे फ्लॅशमध्ये आणि हॉलच्या जांभळ्या लाइटमध्ये ती निळसर चमकते. जुन्या कापडाला ही चमक नव्हती. मोतिया रंगाची जाळी मिळाली तर तीच घ्या. नाही मिळाली तर चहा. कोरा चहा उकळून तो फडक्यातून दोनदा गाळा, कोमट होऊ द्या. जाळीचा हातभर तुकडा आधी साध्या पाण्यात भिजवा, मग चहात बुडवून सतत हलवत राहा, दोन-चार मिनिटांनी काढून खळबळा आणि सावलीत वाळवा. ओला रंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून निर्णय वाळल्यावरच घ्या. नायलॉन आणि रेशीम चहा धरतात, पॉलिएस्टर जवळजवळ धरत नाही. तुकड्याने रंग घेतलाच नाही तर कापड बदला, चहा कडक करण्यात अर्थ नाही. आणि तुकडा झग्याच्या किंवा साडीच्या शेजारी उन्हात धरून बघा. दोन्ही अगदी एकाच छटेचे असण्याची गरज नाही, पण व्हेल झग्यापेक्षा पांढरी असेल तर झगा मळका दिसतो.

कडेचा प्रश्न आपल्या गल्लीतच सुटतो. १९२०-३० साठी कड नुसती कापलेली ठेवा किंवा बारीक लेस लावा. नंतरच्या काळासाठी नाजूक शिवलेली कड किंवा अगदी अरुंद साटन रिबन. फॉल-पिकोवाले काका पिको मारून देतात, पण जाळी मशिनमध्ये ओढली जाते आणि कड झालरीसारखी वेडीवाकडी होते. त्यांना सांगा, "काका, खाली पातळ कागद घालून मारा, दोरा बारीक घ्या, आणि आधी तुकड्यावर करून दाखवा." कागद नंतर फाडून निघतो. घाईच्या दिवसांत, साडीच्या गठ्ठ्यामध्ये हे काम दिलंत तर कुणी तुकड्यावर करून बघणार नाही. सकाळी दुकान उघडल्या-उघडल्या जा आणि समोर उभं राहून करून घ्या.

कुठे घ्यायची

जाळी, साटन रिबन, लेस, मोती यांसाठी खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्लीचा फेरा पुरे. तयार व्हेल, कंगवे, टोप्या यांची निवड मोठी हवी असेल तर गोव्याकडे, मडगाव-म्हापशाला जावं लागतं, तिथे चर्चच्या लग्नाचं सामान बारमाही विकलं जातं. लग्नाच्या दोन महिने आधी जा. तयार व्हेल घेताना लेस चिकटवलेली आहे की शिवलेली, ते उलटून बघा. चिकटवलेल्या लेसच्या कडा वाफेने सुटतात. बाकी माझ्या मते टोपी आणि लेस विकत घ्यावी आणि जाळी स्वतः मोजून टेलरमास्तरांकडून लावून घ्यावी. पैसे वाचतात हा भाग आहेच, पण लांबी आपल्या मापाची मिळते.

संत्र्याच्या मोहोराच्या मेणाच्या कळ्या इकडे सहज मिळत नाहीत. मोगऱ्याच्या घट्ट मिटलेल्या कळ्या त्यांच्या जागी फार शोभतात, पण ओला गजरा जाळीवर थेट ठेवला तर पिवळे-तपकिरी डाग पडतात. गजरा केसांना बांधा, जाळी त्याच्या मागून सोडा.

आज्जीचीच व्हेल वापरायची असेल

पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन केनेडींशी लग्न करताना जॅकलिन केनेडीने १९५३ मध्ये आपल्या आज्जीची लेसची व्हेल घातली होती, त्यामुळे ही हौस जगभरची आहे. आधी खिडकीसमोर उजेडात धरा. भोकं लहान असतील आणि कापड ओढल्यावर फाटत नसेल तरच पुढचा विचार. घडीच्या रेषेवर जाळी तुटत असेल तर ती डोक्यावर घालू नका, त्यातली चांगली लेस काढून नव्या जाळीवर लावा. जुन्या पिनांचा गंज बहुधा निघत नाही, तो भाग आत दुमडून किंवा फुलाखाली लपवा.

ब्लीच कधीच नाही, त्याने रेशीम आणि नायलॉन दोन्ही खराब होतात. रिठाही इथे नको, पांढऱ्यावर त्याची तपकिरी झाक राहते. लोकरीच्या कपड्यांसाठी मिळणारं सौम्य लिक्विड कोमट पाण्यात घाला, व्हेल एका पांढऱ्या चादरीवर पसरून चादरीसकट बुडवा आणि चादरीसकटच उचला. भिजलेली जुनी लेस स्वतःच्या वजनाने फाटते. पिळू नका, दोरीवर टाकू नका, सावलीत चादरीवरच वाळवा.

लग्नाच्या आठवड्यात

व्हेल डब्यातून आठ दिवस आधी काढून उंच टांगा. सुरकुत्या राहिल्याच तर वाफ द्या, किंवा वर सुती कापड ठेवून अगदी कमी गरम इस्त्री. उघडी इस्त्री नायलॉनला लागली की भोक पडतं.

चर्चमध्ये मेणबत्ती पेटवायची असेल तर चेहऱ्यावरची जाळी आधीच मागे टाकलेली असू द्या आणि बाजूची जाळी करवलीने धरावी. कृत्रिम जाळी वितळून अंगाला चिकटते, यात जराही हयगय नको. चेहऱ्यावरची जाळी कोण उचलणार, वडील की नवरा, आणि कधी, हेही तालमीच्या वेळीच ठरवा.

करवलीच्या पर्समध्ये दहा-बारा लांब पिना, पांढऱ्या दोऱ्याची ओवलेली सुई आणि छोटी कात्री. जेवणाआधी व्हेल काढून ठेवायची, रिसेप्शनच्या केकवर तिचं काही काम नसतं. घरी आल्यावर धातूचा कंगवा आणि पिना काढून टाका, व्हेल धुऊन पूर्ण वाळवा आणि धुतलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आणि डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका. पावसाळ्यानंतर एकदा उघडून वारा द्या आणि पुन्हा गुंडाळताना घड्यांची जागा बदला.